एक भाकर विचारत नाही, एक भाकर विचारते

अभ्यासपाठ
वाचनासाठी : योहान, अध्याय ६, लूक २२:१४-२०, करिंथकरांस पहिले पत्र ११:१७-३४



आपल्या या पत्रिकेत आपण बहुधा कामाची वार्ता वाचता. किती मुले शाळेत टिकली, कोणत्या वस्तीवर आरोग्य तपासणी झाली, देणगीचा विनियोग कसा झाला. या अंकातला अभ्यासपाठही त्याच कामातून आला आहे, पण तो आला आहे एका मित्राच्या प्रश्नांतून. हा मित्र ख्रिस्ती नाही. देव मानणाऱ्यांपैकीही नाही. तरीही गेली काही वर्षे तो आपल्या कामाचा भक्कम आधार आहे.

मालेगाव तालुक्यातल्या एका आंध वस्तीवर आमचा संध्याकाळचा अभ्यासवर्ग चालतो. वाशीम जिल्ह्यातल्या पुष्कळ वस्त्यांसारखीच इथलीही गत आहे. सोयाबीन निघाले, दिवाळी झाली, की घराघराला कुलूप लागते. आईबाप ऊसतोडीला नाहीतर वीटभट्टीवर जातात आणि शाळेत जाणारी पोरे आजी-आजोबांपाशी राहतात. वर्ग संपल्यावर मुलांना खिचडी मिळते. विज्ञान आणि गणित शिकवतात ते जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले एक शिक्षक. आम्ही सगळे त्यांना ‘सर’ म्हणतो. त्यांच्या आईवडिलांनी १९५६ साली नागपूरच्या दीक्षाभूमीवर बौद्ध धम्म स्वीकारला होता. सर स्वतःला विवेकवादी म्हणवतात. पिशवीत भिंग आणि लोहचुंबक, आणि तोंडी एकच प्रश्न : “हे तुला कसं कळलं?”

गेल्या डिसेंबरात एका रविवारी इथल्या मोजक्या कॅथलिक कुटुंबांसाठी एका घराच्या अंगणात मिस्सा होती. तिथूनच पुढे वस्तीवर घोंगड्या घेऊन जायचे होते, म्हणून सरही आले. सतरंजीच्या कडेला शेवटपर्यंत शांत बसले. ख्रिस्तशरीर घेण्यासाठी रांग लागली तेव्हा यजमानांची लहान मुलगी त्यांना म्हणाली, “सर, तुम्ही नाही येत?” सर नुसते हसले.

परतताना चहाच्या टपरीवर त्यांनी मला तीन प्रश्न विचारले.

“ताई, त्या चकतीचं खरंच काही होतं, की तुम्ही सगळे मिळून तसं मानता?”

“ती मला का दिली नाही? लहानपणी गावच्या पंगतीत आमचं घर शेवटी बसायचं, लांब. पत्रावळ घरून न्यावी लागे. तुमच्याही पंगतीत तसंच आहे का?”

तिसरा प्रश्न त्यांनी ग्लास खाली ठेवून विचारला. “संध्याकाळची खिचडी आणि ही चकती, यांचं नातं काय? गावातल्या दोघा-तिघांनी मला विचारलंय. मी त्यांना सांगितलंय की खिचडी हे आमिष नाही. उद्या मी खोटा पडायला नको.”

मी त्या दिवशी धड उत्तर देऊ शकले नाही. ईशज्ञानाच्या पदविकेत ख्रिस्तयागावर मी चांगले गुण मिळवले होते. पण परीक्षेत कोणी पत्रावळीबद्दल विचारले नव्हते. पुढचे तीन-चार महिने, कधी वर्गानंतर, कधी एसटीची वाट पाहत, आम्ही यावर बोलत राहिलो. त्या बोलण्याचे सार पुढे देत आहे.

प्रश्न विचारणाऱ्यांचे ऋण

आधी एक गोष्ट ध्यानात घेऊ. असे प्रश्न आपल्याला नवे नाहीत, आणि त्यांचा राग मानण्याचेही कारण नाही. इ. स. १५५च्या सुमारास रोममध्ये जस्टिन नावाचा ख्रिस्ती तत्त्वज्ञ राहत होता. ख्रिस्ती लोक गुपचूप जमून माणसाचे मांस खातात, अशी अफवा तेव्हा पसरली होती. जस्टिनने थेट सम्राट अँटोनायनस पायस याला उद्देशून एक निवेदन लिहिले आणि ख्रिस्ती लोक रविवारी जमून नेमके काय करतात ते उघडपणे सांगितले. लपवण्यासारखे काही नाही, हा त्याचा पवित्रा होता.

आपल्या मराठीतही असेच घडले. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज येशूसंघीय धर्मगुरू १५७९ साली गोव्यात आला. ज्या देशातून तो आला, तिथे त्या काळी मिस्सा साजरी करणे हा गुन्हा होता. त्याचे ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले. त्या ग्रंथाच्या आरंभी एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीला विचारतो की, आमच्या भाषेत आम्हांला पुराण का नाही? त्या विचारण्यातून ग्रंथ उभा राहतो. तेव्हा सरांसारखे कोणी विचारते तेव्हा ते आपल्याला कामाला लावते. हे त्यांचे आपल्यावर ऋण आहे.

पहिला प्रश्न : खरेच काही होते का?

सुरुवात शेवटच्या भोजनापासून करू. येशू आपल्या शिष्यांबरोबर ज्या सणाच्या निमित्ताने जेवायला बसला तो वल्हांडणाचा सण. मिसरातल्या गुलामीतून सुटल्याची ती आठवण. त्या रात्री निघायची इतकी घाई होती की पीठ फुगायलाही वेळ मिळाला नाही, म्हणून भाकर बेखमीर. हे ऐकून सर म्हणाले, “म्हणजे ही वेठबिगारांची भाकर.” मी इतकी वर्षे हा पाठ शिकवते, पण इतक्या थोडक्यात मला कधी सांगता आले नव्हते.

त्या भाकरीला येशूने आपले शरीर म्हटले, प्याल्याला आपले रक्त म्हटले, आणि आपल्या आठवणीसाठी हे करत राहा असे सांगितले. मत्तय, मार्क आणि लूक हे तिघेही ही घटना नोंदवतात. त्यांच्याही आधी, इ. स. ५५च्या सुमारास, संत पौलाने ती करिंथकरांना लिहिली, आणि तीही आपल्याला मिळालेली शिकवण म्हणून. म्हणजे ही श्रद्धा नंतरच्या कोणा धर्मसभेने बसून बनवलेली नाही.

तर मग काय बदलते? सर विज्ञानाचे शिक्षक, म्हणून मी त्यांना आधी काय बदलत नाही ते सांगितले. वेदीवरची चकती भिंगाखाली धरली तर गहूच दिसेल. आयोडिनचा थेंब टाकला तर स्टार्चचा निळा रंगच येईल. गव्हातल्या ग्लुटेनचा ज्यांना त्रास होतो, त्यांना अभिषिक्त भाकरीनेही त्रास होतो. हे चर्चला ठाऊक आहे. म्हणूनच अशा रुग्णांसाठी अगदी कमी ग्लुटेनची चकती वापरता येते, असा खुलासा व्हॅटिकनने २००३ साली केला आणि २०१७ साली त्याची पुन्हा आठवण दिली. रसायन बदलते असा आमचा दावा असता, तर अशा नियमाची गरजच पडली नसती.

“मग हे नोटबंदीसारखं झालं,” सर म्हणाले. “८ नोव्हेंबरच्या रात्री नोटेचा कागद तोच, शाई तीच. पण सांगणाऱ्याने सांगितलं आणि बाराच्या ठोक्याला ती नोट राहिली नाही.”

उदाहरण चांगले आहे, आणि बराच अंतरापर्यंत ते आपल्याबरोबर येते. एखादी वस्तू डोळ्यांना तीच दिसत असूनही ती ‘काय आहे’ हे बदलू शकते, एवढे त्यातून कळते. पण पुढे ते थांबते. नोटेची किंमत माणसांनी ठरवलेली असते. माणसांनी मानणे सोडले की ती संपते. कॅथलिक श्रद्धा सांगते की ख्रिस्तयागात होणारा बदल आपल्या मानण्यावर उभा नाही. आपण सगळे झोपलो तरी तो तिथे आहे. पोप सहावे पौल यांनी १९६५ साली आपल्या परिपत्रकात हाच मुद्दा स्पष्ट केला : भाकरीला नवा अर्थ मिळतो हे खरे, पण तिला नवा अर्थ मिळतो कारण ती मुळातच आता वेगळी झालेली असते.

यासाठी चर्चने जो शब्द वापरला, त्याला आपण मराठीत ‘तत्त्वपरिवर्तन’ म्हणू. १२१५च्या लॅटरन धर्मसभेत तो आला. त्याच शतकात संत थॉमस अक्विनास यांनी त्याची नीट मांडणी केली, आणि १५५१ साली ट्रेंटच्या धर्मसभेने त्याची ठाम व्याख्या दिली. त्याचा अर्थ असा : कोणत्याही वस्तूचे रंग, चव, वजन, वास हे तिचे बाह्य गुण, आणि ती वस्तू मुळात जी असते ते तिचे तत्त्व. इथे बाह्य गुण जसेच्या तसे राहतात, तत्त्व बदलते. भाकरीच्या रूपात ख्रिस्त स्वतः उपस्थित होतो.

‘शरीर’ म्हणजे मांसाचा तुकडाही नव्हे. मेलेल्या ख्रिस्ताचा अंश नव्हे, तर मेलेल्यांतून उठलेला, जिवंत, संपूर्ण ख्रिस्त. म्हणून चकतीचा लहानसा कणही घेतला तरी घेणाऱ्याला अर्धा ख्रिस्त मिळत नाही. तसेच मिस्सेमध्ये ख्रिस्त पुन्हा पुन्हा बळी दिला जात नाही. क्रूसावरचे अर्पण एकदाच झाले. त्या एकाच अर्पणापुढे आपल्याला आणून उभे केले जाते.

आपल्या वाचकांत इतर मंडळ्यांचेही पुष्कळ बंधू-भगिनी आहेत. त्यांच्या परंपरेत हे वेगळ्या प्रकारे सांगितले जाते. १५२९ साली मार्बुर्ग येथे मार्टिन लूथर आणि झ्विंगली या दोघा सुधारकांचा याच विषयावर वाद झाला. लूथरने येशूचे शब्द खडूने मेजावर लिहिले आणि ‘आहे’ या शब्दावरून तो हलायला तयार झाला नाही. झ्विंगलीच्या मते त्याचा अर्थ ‘दर्शवते’ असा होता. मेथडिस्ट परंपरा प्रभुभोजनाला कृपेचे साधन मानते, आणि जॉन वेस्ली यांनी ते वारंवार घेण्याचा आग्रह धरला. हे भेद खरे आहेत, ते झाकून ठेवू नयेत. पण त्या मेजाशी प्रभू आपल्याला भेटतो, याची ओढ बहुतेक सर्वांना आहे.

“आणि पुरावा?” सरांनी विचारले.

पुरावा नाही, असे मी सांगितले. प्रयोगशाळेत जे सिद्ध करता येते, त्या जातीची ही गोष्टच नाही. ही श्रद्धा ज्याने ते शब्द उच्चारले त्याच्यावरच्या भरवशावर उभी आहे. तो भरवसा ज्याला नाही, त्याला ही चकती गव्हाचीच दिसणार. त्यात त्याचा अप्रामाणिकपणा नाही. उलट जे दिसते तेच तो सांगतो आहे.

तिसरा प्रश्न आधी : खिचडीचे काय?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तिसऱ्यावर अवलंबून आहे, म्हणून तो आधी घेते. इथे मला माझी एक चूक सांगितली पाहिजे.

वर्ग सुरू झाला त्या पहिल्या वर्षी मी खिचडीच्या आधी मुलांना हात जोडून एक लहान प्रार्थना म्हणायला लावत असे. माझ्या मनात वावगे काही नव्हते. आपल्या घरी आपण अन्नासाठी देवाचे आभार मानतो, तसेच ते. एक दिवस एक नवीन मुलगा रांगेत मुकाट उभा राहिला. दुसऱ्या दिवशी त्याची आजी काठी टेकत आली आणि मला म्हणाली, “पोरगं ते गानं म्हनलं नाही, तं त्याले खिचडी भेटत नाही का व माय?”

खिचडी त्याला मिळालीच होती. पण त्या आजीला तसे वाटले, आणि वाटण्याजोगे मीच काहीतरी करत होते. सर तिथेच फळा पुसत होते. ते काही बोलले नाहीत. त्या दिवसापासून मी जेवणाआधीची प्रार्थना बंद केली. आभार मी मनात मानते.

ती आजी माझ्या मनात होती, म्हणून या वेळी योहानाचा सहावा अध्याय मी वेगळ्या नजरेने वाचला. तोच अध्याय मी सरांसमोर ठेवला. त्यात दोन भाकरी आहेत.

पहिली भाकर जवाची. आपल्याकडे ज्वारीची तशी ती तिथल्या गरिबांची भाकर. एका मुलाजवळ अशा पाच भाकरी आणि दोन मासे होते, त्यांतून पाच हजारांचा जमाव जेवला. येशूने कोणाला विचारले नाही की तुझा माझ्यावर विश्वास आहे का. गवतावर बसायला सांगितले आणि वाढले. पोटे भरल्यावर उरलेल्या तुकड्यांच्या बारा टोपल्या भरल्या.

त्यानंतर जे घडते ते आपण सहसा घाईने वाचून पुढे जातो. जेवलेल्या लोकांनी येशूला बळेच राजा करायचे ठरवले, तेव्हा तो एकटाच डोंगरावर निघून गेला. भाकरीच्या बदल्यात त्याने काहीच घेतले नाही, राजेपदसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी लोक त्याला शोधत आले, तेव्हा त्याने त्यांना तोंडावर सांगितले की तुम्ही पोट भरले म्हणून आला आहात.

मग कफर्णहूमच्या सभास्थानात तो दुसऱ्या भाकरीबद्दल बोलला. आपणच स्वर्गातून आलेली भाकर आहोत, आपले शरीर खरे अन्न आहे, असे त्याने सांगितले. ऐकणाऱ्यांना ते जड गेले. पुष्कळ शिष्यसुद्धा त्याला सोडून निघून गेले. येशूने त्यांना थांबवण्यासाठी आपले बोलणे सौम्य केले नाही. आणि आदल्या दिवशीची भाकर परतही मागितली नाही. विश्वास न ठेवता गेलेली माणसे भरल्या पोटीच गेली. उरलेल्या बारा जणांनाही त्याने विचारले की तुम्हांलाही जायचे आहे का. दार त्यांच्यासाठीही उघडे होते.

बंधू-भगिनींनो, आपल्या कामाचा नियम या अध्यायात आहे. एक भाकर विचारत नाही. भुकेल्याला ती मिळते, कारण तो भुकेला आहे. दुसरी भाकर विचारते, आणि जिला विचारायचे आहे तिने उत्तराची मोकळीक दिलीच पाहिजे. पहिलीला दुसरीची अट लावली, तर दोन्ही नासतात. खिचडी आमिष होते आणि ख्रिस्तशरीर मोबदला होते.

सरांनी हे ऐकले आणि म्हणाले, “बाबासाहेबांच्या मागं आमची माणसं नागपूरला गेली, ती घरची शिदोरी बांधून गेली. कुणी भाकर दिली म्हणून नाही. धर्म असाच घ्यायचा असतो, घ्यायचाच असेल तर.”

मला यावर काही जोडायचे नाही.

दुसरा प्रश्न : मला का दिले नाही?

आता पंगतीकडे येऊ. हा प्रश्न मला सर्वांत कठीण गेला.

कॅथलिक चर्चमध्ये ख्रिस्तशरीर बाप्तिस्मा झालेल्या आणि या श्रद्धेत सहभागी असलेल्यांना दिले जाते. हा नियम जुना आहे. जस्टिननेही सम्राटाला तेच लिहिले होते. याचे कारण घेणाऱ्याच्या दर्जात नाही, त्याच्या उत्तरात आहे. धर्मगुरू चकती पुढे धरून ख्रिस्ताचे शरीर असे म्हणतात, आणि घेणारा ‘आमेन’ म्हणतो. आमेन म्हणजे हो, हे खरे आहे, मी याला बांधील आहे. लग्नात सगळे गाव जेवते, पण सप्तपदी दोघेच चालतात. बाकीच्यांना कमी लेखले म्हणून नव्हे, तर ती शपथ त्यांची नाही म्हणून. ज्या माणसाला ही चकती गव्हाचीच आहे असे प्रामाणिकपणे वाटते, त्याच्याकडून आमेन वदवून घेणे म्हणजे त्याला खोटे बोलायला लावणे. सरांनी आयुष्यभर मुलांना जे दिसले तेच लिहायला शिकवले. त्यांना मी हे कसे सांगू?

सर म्हणाले, “हे पटतं. पण ज्यांना मिळतं, ते तरी एका पंगतीत बसतात का?”

इथे मात्र मला मान खाली घालावी लागली. करिंथच्या मंडळीत नेमके हेच बिघडले होते. सुखवस्तू लोक आधी येऊन आपापले जेवण उरकत. मोलमजुरी करणारे उशिरा पोहोचत आणि उपाशी राहत. कोणी भुकेला, कोणी नशेत. पौलाने त्यांना सांगितले की तुम्ही जे करता ते प्रभूचे भोजन नव्हेच. जो प्रभूचे शरीर ओळखल्याशिवाय खातो, तो स्वतःवर न्याय ओढवून घेतो. तिथे त्यांची चूक भाकरीविषयीच्या सिद्धांतात नव्हती. शेजारी बसलेल्या भुकेल्या भावामध्ये तेच शरीर आहे, हे ते विसरले होते.

भारतातल्या चर्चमध्येही जात शिरली. काही ठिकाणी वेगळी आसने आणि वेगळ्या दफनभूमीसुद्धा झाल्या. डिसेंबर २०१६मध्ये भारतीय कॅथलिक धर्माध्यक्ष परिषदेने दलित सक्षमीकरणाचे धोरण प्रसिद्ध केले. त्यात चर्चमध्ये आजही भेदभाव आहे, हे मान्य केले आहे. मी हे सरांपासून लपवले नाही. मिस्सेचा नियम पंक्तिभेद करत नाही. पण मिस्सेला जाऊन घरी परतलेला माणूस तो करू शकतो, आणि तेव्हा त्याने उच्चारलेले आमेन खोटे ठरते.

म्हणून बाहेर राहिलेल्याने ‘मला का नाही’ असे विचारले, तर आत असलेल्याने स्वतःला विचारावे, ‘मला कशासाठी दिले?’

मुंबई, १९६४

या ‘कशासाठी’चे एक उत्तर आपल्याच राज्यात मिळाले होते. २८ नोव्हेंबर ते ६ डिसेंबर १९६४ या काळात मुंबईत अडतिसावी आंतरराष्ट्रीय ख्रिस्तयाग परिषद भरली. ओव्हल मैदानावर लाखोंचा समुदाय जमला. पोप सहावे पौल त्यासाठी आले. भारतात पाऊल ठेवणारे ते पहिले पोप. इतर धर्मांच्या प्रतिनिधींशी बोलताना त्यांनी आपल्या उपनिषदातील, असत्याकडून सत्याकडे नेण्याची प्रार्थना उद्धृत केली. शस्त्रांवर होणाऱ्या खर्चाचा काही भाग जगाने गरिबांसाठी द्यावा, असे आवाहनही त्यांनी मुंबईतूनच केले. जाताना त्यांनी आपल्या वापरातली आलिशान गाडी मदर तेरेसा यांना देऊन टाकली. मदर तेरेसा यांनी त्या गाडीची सोडत काढून आलेला पैसा कुष्ठरोग्यांच्या वसाहतीसाठी वापरला.

परिषद भाकरीविषयी होती आणि शेवट कुष्ठरोग्यांच्या घरांत झाला. हे ओढूनताणून जुळवलेले नाही. जस्टिनच्या निवेदनातही हाच क्रम दिसतो : रविवारी भाकर मोडली जाते, न आलेल्यांच्या घरी पोहोचवली जाते, आणि लगेच दानाची रक्कम गोळा होते. ती अनाथ, विधवा, आजारी, कैदी आणि परके यांच्यासाठी.

आपल्या मिस्सेतही याची खूण आहे. अर्पणाच्या वेळी भाकरीविषयी जी प्रार्थना म्हटली जाते, तीत दोन गोष्टींची आठवण असते : ही जमिनीची उपज आहे आणि माणसांच्या हातांचे श्रम आहे. अंगणातल्या त्या मिस्सेत हे शब्द ऐकताना माझ्या डोळ्यांपुढे आमच्या वस्तीवरची कुलपे आली. त्या हातांवर कोयत्याचे घट्टे आहेत. तेही वेदीवर ठेवलेले आहेत, मग त्यांची मुले संध्याकाळी उपाशी कशी झोपतील?

त्या दिवशी सरांनी आणखी एक बारकावा टिपला होता. लोक सतरंजीवर मांडी घालून बसले होते, शेवटी आरती ओवाळली, हात जोडले. “हे सगळं आपल्याकडचंच की,” ते म्हणाले. दुसऱ्या व्हॅटिकन धर्मसभेनंतर मिस्सा लॅटिनमधून लोकांच्या भाषेत आली, आणि १९६९ साली भारतातील चर्चला जमिनीवर बसणे, आरती, अंजली अशा बारा गोष्टी उपासनेत घेण्याची परवानगी मिळाली. आपल्या मातीतली माणसे आपल्या बैठकीत त्या मेजाशी बसू शकतात, एवढाच त्याचा अर्थ.

शेवटी

आपल्याला वाटेल की आता सरांचे मन बदलले असेल. तसे झाले नाही. चकती गव्हाची आहे, असेच ते आजही म्हणतात, आणि आमच्या मैत्रीत त्याची अडचण होत नाही. मात्र एक दिवस ते रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन आले आणि वर्गाच्या दारावर स्वतःच्या वळणदार अक्षरात त्यांनी लिहिले की इथे शिकायला आणि जेवायला कोणाचा धर्म विचारला जात नाही. लिहून झाल्यावर माझ्याकडे वळून म्हणाले, “आता गावाला मी काय सांगितलं, ते इथं लिहिलेलं आहे. तुम्ही हे कधी पुसलंत, तर मी येणं बंद करीन.”

त्यांनी आमच्याकडून घेतलेले हे आमेनच आहे. आपल्यापैकी जे जे या कामाला धान्य, पैसा, वेळ देतात, त्या सर्वांच्या वतीने मी त्याला हो म्हटले आहे. आपण माझ्या पाठीशी राहाल, असा विश्वास आहे.

आता रविवारी रांगेत उभी राहून हात पुढे करते, तेव्हा मला ती काठी टेकत आलेली आजी आठवते. आमेन म्हणायला पूर्वीपेक्षा क्षणभर जास्त लागतो.

गटचर्चेसाठी प्रश्न

१. योहानाच्या सहाव्या अध्यायातील दोन भाकरींत आपल्याला कोणता फरक दिसतो? जेवलेल्या लोकांनी राजा करायचे ठरवल्यावर येशू निघून का गेला असेल?

२. आपल्या मंडळीच्या मदतकार्यात अशी एखादी गोष्ट आहे का, जी घेणाऱ्याला अट वाटू शकेल? त्या आजीच्या नजरेने एकदा पाहा.

३. करिंथच्या मंडळीतील दोष आज आपल्या घरांत, लग्नकार्यांत, दफनभूमीत कोणत्या रूपात आढळतो?

४. श्रद्धा नसलेल्या मित्राने आपल्याला प्रभुभोजनाविषयी विचारले, तर आपण पाच वाक्यांत काय सांगाल? लिहून पाहा.

प्रार्थना

हे प्रभू येशू, तू भुकेल्यांना न विचारता वाढलेस आणि आम्हांला विचारून स्वतःला दिलेस. आमचे आमेन खरे कर. कामासाठी दूर गेलेल्या आईबापांना सांभाळ आणि मागे राहिलेल्या लेकरांची ताटे रिकामी ठेवू नकोस. जे आमच्यासारखा विश्वास ठेवत नाहीत, तरी आमच्याबरोबर राबतात, त्यांना आशीर्वाद दे, आणि त्यांच्या प्रश्नांपुढे आम्हांला नम्र ठेव. आमेन.